शिक्षेच्या बाजूनं

१० जानेवारी

ति. मामा,

साष्टांग नमस्कार. बघ, लिहिताना कसं एका दमात निघालं.

पत्राचं कारण असं की माझी पाचावर धारण बसली आहे. आमच्या दहावीच्या वर्गाला नवे वर्गशिक्षक आलेत, इतिहासाचे सर. त्यांनी सात फेब्रुवारीला वर्गात वादविवाद ठेवला आहे. विषय : चूक करणाऱ्याला माफी असावी की शिक्षा. एरवी अशा ठिकाणी हौशी पोरं बोलतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. पण सरांचं म्हणणं, बोलणारे बोलतातच, न बोलणाऱ्यांना बोलतं करायचं. म्हणून त्यांनी वर्गातले सगळ्यात गप्प असे सहा जण निवडले. माझं नाव पहिलं. जन्मात पहिल्यांदा कशात तरी पहिला आलो.

मी अडखळतो हे सरांना माहीतच नाही. त्यांना वाटतं मी लाजाळू आहे. याचं कारण माझ्या बाकावरचा बोका. घारे डोळे आणि चोरपावलांची चाल, म्हणून सगळे त्याला बोका म्हणतात. मला 'ब' येत नाही, म्हणून मी 'ए' म्हणतो आणि तो ओ देतो. हजेरीला माझा नंबर जवळ आला की माझी दातखीळ बसते. पाचवीपासून बोका आधी स्वतःच्या आवाजात 'हजर' म्हणतो आणि मग जरा नाकातून माझ्यासाठी. जुन्या बाईंना ठाऊक होतं, त्या खाली मान घालून हसायच्या. नव्या सरांना कुणी सांगितलंच नाही.

प्रत्येकानं तीन मिनिटं बोलायचं. बाजू आपणच निवडायची, वीस तारखेपर्यंत. आणि पहिलं वाक्य ठरलेलं आहे : 'माफीच्या बाजूनं उभा आहे' किंवा 'शिक्षेच्या बाजूनं उभा आहे'. ते खणखणीत आलं तरच पुढे बोलायचं, नाहीतर बसायचं.

आई म्हणते, लहानपणी तुझी गत माझ्यासारखीच होती, पण पाच-सहा वर्षांपूर्वी कारखान्यात चौकशी झाली तेव्हा तू मोठ्या साहेबांपुढे न अडखळता बोललास. कसं जमवलंस ते सांग. फोन कर म्हणत नाही. आई म्हणते तुला फोन आवडत नाही. मलाही नाही.

तुझा भाचा


१७ जानेवारी

चि. भाचेबुवांस,

आशीर्वाद. पहिला आल्याबद्दल अभिनंदन. आमच्या घराण्यात ही परंपरा आहे, मी शाळेत कायम उठाबशांत पहिला असायचो.

घाबरून काही व्हायचं नाही. मी लाकूड कापायच्या कारखान्यात मोठ्या करवतीवर काम करतो. तिच्या आवाजात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून आम्ही सगळे हातांनी बोलतो. ओंडका सरकव, थांब, तेल घाल, जेवायची वेळ झाली, सगळ्याला खूण आहे. तिथे मी चांगला वक्ता समजला जातो. पण तुला वर्गात हात हलवून भागणार नाही, म्हणून तोंडाच्या युक्त्या सांगतो.

पहिली युक्ती, जो शब्द अडतो त्याच्या वाटेला जायचं नाही. 'पाणी' येत नसेल तर 'ओठ सुकले' म्हण, लोक पाणी देतात. दुसरी, श्वास बाहेर सोडता सोडता शब्द त्याच्यावर बसवायचा. स, श, व ही गरीब अक्षरं आहेत, कुणाला अडवत नाहीत. प, ब, म, क यांच्याशी ओळख ठेवू नकोस.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. बाजू डोक्यानं निवडू नकोस, तोंडानं निवड. आरशापुढे उभा राहा, दोन्ही वाक्यं म्हणून बघ, जे सुटतं ती तुझी बाजू. मताचं काय घेऊन बसलास! मत सगळ्यांनाच असतं. ते बाहेर पडलं तर त्याचा उपयोग.

मी असाच शिकलो. अभ्यास सांभाळ. आईला सांग, खोकला बरा आहे.

तुझा मामा


२५ जानेवारी

ति. मामा,

नमस्कार. तुझी तिसरी युक्ती लागू पडली! 'माफी' म्हणायला गेलो की ओठ असे चिकटतात की आरशातला मी मलाच बघवत नाही. आणि 'शिक्षेच्या बाजूनं' म्हटलं तर 'श'वर जी गाडी सुटते ती मधल्या 'ब'लाही जुमानत नाही. मी सरांकडे 'शिक्षा' लिहून दिलं. खरं तर मला माफीच बरोबर वाटते, पण तू म्हणालास तेच खरं, मत आत राहून काय करायचंय?

मधल्या सुट्टीत बोका मला सायकलच्या छपराखाली उभं करतो आणि घड्याळ लावतो. मी अडलो की तो शब्द खोडतो आणि दुसरा सुचवतो. 'दंड' जड जातो म्हणून 'शासन' घातलं. माझं सगळ्यात चांगलं वाक्यही त्यानंच काढून दिलं : 'सख्ख्या सोबत्यासाठी सांगितलेलं असत्यसुद्धा असत्यच असतं, सर.' म्हणाला, सगळं स-स आहे, सुळकन सुटशील. आणि खरंच सुटलो. आम्ही दोघं छपराखाली नाचलो.

हे सगळं मंगळवारपर्यंत. बुधवारी घोटाळा झाला. सर म्हणाले होते की बुधवारी सहाही जणांनी पहिलं वाक्य वर्गात म्हणून दाखवायचं. छपराखाली येतं ते वर्गात येईल असं मला वाटेना. मी शाळेत गेलोच नाही. पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो. बोक्याला काहीच बोललो नव्हतो. आणि त्यानं सवयीनं, माझी जागा रिकामी आहे हे ध्यानात यायच्या आतच, दोनदा 'हजर' म्हटलं. सरांनी डोकी मोजली.

सर ओरडले नाहीत, ते ओरडतच नाहीत. फळ्यावरच्या विषयाखाली त्यांनी एक रेघ ओढली आणि म्हणाले, आता आपल्याला खरंखुरं उदाहरण मिळालं. सात तारखेला याच्यावर बोला. मग वर्ग मत देईल, आणि वर्ग म्हणेल तसा शेरा मी मार्चमध्ये पुढच्या शाळांकडे जाणाऱ्या याच्या दाखल्यावर लिहीन. बोक्याला तंत्रशाळेत वेल्डिंग शिकायचंय. तिथे दाखल्यावर 'वर्तन चांगले' नसेल तर दारातूनच परत पाठवतात. हे त्यानं मला तिसरीपासून शंभरदा सांगितलंय.

मी सरांना काहीतरी सांगायला गेलो, पण त्यांच्या टेबलापुढे उभा राहिलो आणि परत आलो. बाजू बदलायची असेल तर तीन तारखेपर्यंत बदलता येते. मामा, मी काय करू? बोका म्हणतो, बदलू नकोस, तू पहिल्यांदा बोलतोयस, माझं मी बघतो. तो खरंच बेफिकीर दिसतो. लगेच लिही.

तुझा भाचा


२९ जानेवारी

चि. भाचेबुवा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं आणि जेवणाच्या सुट्टीत लगेच लिहितोय. कागदाला भुसा लागला असेल, झटकून वाच.

बाजू बदलू नकोस. नीट विचार कर. तू माफीच्या बाजूनं उभा राहिलास तर पहिल्याच शब्दावर अडणार. वर्ग हसणार, सर तुला बसवणार. म्हणजे माफीचा एक वक्ता कमी. त्यानं तुझ्या मित्राचं काय भलं होणार? आणि तू शिक्षेच्या बाजूनं तीन मिनिटं बोललास म्हणून काय आभाळ कोसळतंय! पोरं आपल्यातल्या पोराला कधी अडकवत नाहीत. सगळे माफीलाच हात वर करतील. मास्तरसुद्धा नुसता धाक घालतोय, मास्तरांची जातच तशी.

तुझा मित्र शहाणा आहे, तो स्वतःच सांगतोय ना. मग तू कशाला जिवाला लावून घेतोस?

एकदा बोलून तर बघ. एकदा सरळ बोलता आलं की माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं. हे मी अनुभवानं सांगतोय.

मामा


९ फेब्रुवारी

ति. मामा,

मी बोललो.

पहिलं वाक्य सुटलं आणि मग थांबलंच नाही. माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं, मामा. जरा जाड आहे, बाबांसारखा. वर्ग आधी हसायच्या तयारीत होता, मग पुढे सरकून ऐकायला लागला. पाचवीपासून ज्यांनी माझ्या तोंडून अर्धं वाक्य ऐकलं नव्हतं ते आ वासून बघत होते. मला इतका आनंद झाला की मी कशाबद्दल बोलतोय हेच विसरलो. सख्ख्या सोबत्याचं वाक्य मी दोनदा म्हटलं. ते लिहिलं एकदाच होतं. दुसऱ्यांदा म्हटलं ते केवळ म्हणता येत होतं म्हणून.

माफीवाल्यांपैकी एकजण रडवेला झाला आणि एक तर दीड मिनिटात संपला. मी बसलो तेव्हा टाळ्या थांबेनात. बोकाही वाजवत होता, सगळ्यात जोरात.

मग सरांनी हात वर करायला सांगितलं. शिक्षेला एकवीस, माफीला सोळा. मुलं मला नंतर म्हणाली, अरे, तुझं बोलणंच असं झालं की हात आपोआप वर गेला. त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मी स्वतः माफीला हात वर केला होता. ते बघून मागून कुणीतरी हसलं.

सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, इतके दिवस कुठे लपवला होतास हा आवाज? मी त्यांना सांगणार होतो. तोंड उघडलं आणि काही आलं नाही. तेव्हापासून काहीच येत नाही. घरी आईला 'हो' म्हणायलासुद्धा वेळ लागतो. सात तारखेपर्यंत सर डोकी मोजूनच हजेरी घेत होते, आता परत नंबर पुकारतात आणि कुणीच माझ्यासाठी बोलत नाही, त्यामुळे दोन दिवस मी बाकावर बसूनही गैरहजर आहे. सरांना वाटतं मी डोक्यात हवा गेल्यासारखा वागतोय.

बोका रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी पट्टी मागायच्या आत तो पट्टी पुढे करतो. पण तंत्रशाळेचं नाव काढत नाही. काल त्याच्या वहीच्या मागच्या पानावर वेल्डिंगच्या टोपाचं चित्र होतं ते पान फाडलेलं दिसलं.

तू साहेबांपुढे बोललास त्यानंतर तुला कसं वाटलं होतं? तू म्हणाला होतास आयुष्य बदलतं. माझं असं का झालं?

भाचा


२६ फेब्रुवारी

बाळा,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. चारदा लिहायला घेतलं आणि चारही कागद कारखान्याच्या भट्टीत घातले. हा पाचवा पाठवतोय.

मी बरा झालेलो नाही. कधीच झालो नव्हतो. तुझ्या आईशी फोनवर बोलत नाही ते त्यामुळेच.

चौकशीचं सांगतो. करवतीवर एक लोखंडी झाकण असतं, हात आत जाऊ नये म्हणून. काम भराभर व्हावं म्हणून मुकादमानं एका संध्याकाळी ते काढून ठेवलं. मी पाहिलं. सकाळी एका पोरसवद्या कामगाराची तीन बोटं गेली. चौकशीला मोठे साहेब आले. झाकण कुणी काढलं ते पाहणारा मी एकटाच होतो.

साहेब म्हणाले, नाव सांगा. मुकादमाचं नाव 'प'नं सुरू होतं. मी ओठ मिटले ते मिटलेच. मुकादम समोर बसला होता, मी बोट वर करायला लागलो. साहेब म्हणाले, खुणा नकोत, तोंडानं सांगा. लिहून देतो म्हणायचं होतं, पण ते म्हणायलाही तोंडच लागतं. खोलीत नऊ माणसं माझ्या ओठांकडे बघत होती. कुणीतरी खोकलं, कुणीतरी घड्याळ बघितलं. आणि मग माझ्या तोंडून नाव आलं. स्वच्छ, मोठ्यांदा. ते मुकादमाचं नव्हतं. यंत्रांना तेल घालणाऱ्या आमच्या तेलवाल्याचं होतं. त्याचं नाव 'अ'नं सुरू होतं.

मी लगेच 'नाही' म्हणू शकलो असतो. 'नाही' मला येतं. पण साहेब शाब्बास म्हणाले, सगळ्यांनी श्वास सोडला, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी गप्प बसलो. तुला टाळ्या ऐकून वाटलं ना, तसंच. तेलवाल्याला त्याच दिवशी काढलं. तुझ्या आईपर्यंत पोचलं ते एवढंच, की तुझा भाऊ साहेबांपुढे खणखणीत बोलला.

तेलवाला माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. आता हमाली करतो. मी बाजारात जायचा रस्ता बदलला आहे.

तुला तोंडानं बाजू निवड असं लिहिलं तेव्हा मला काय हवं होतं ते आता कळतं. तूही तसंच केलंस आणि तुझं भलं झालं असतं, तर माझं पाप हे पाप राहिलं नसतं. नुसती एक पद्धत ठरली असती. त्यासाठी मी तुला वापरलं. तुझं 'लगेच लिही' वाचलं तेव्हा माझा हात एकदा थांबला होता. तरी लिहिलं.

दाखले अजून गेले नसतील तर सरांना पत्र लिही. तू कागदावर अडखळत नाहीस. हजेरीचं, टाकीचं, सगळं लिही.

मामा


११ मार्च

मामा,

तुझं पत्र एक तारखेला मिळालं. त्याच दिवशी मी सरांना चार पानं लिहून दिली. पाचवीपासूनची हजेरी, पाण्याची टाकी, ते वाक्य कुणी काढून दिलं, मी हात कशाला वर केला, सगळं.

सरांनी ते दोनदा वाचलं. ते वाईट नाहीत. म्हणाले, छान लिहिलंयस, मित्रासाठी जीव तुटतोय हेही कळतं. पण तू अडखळतोस हे मी कसं मानू? मी स्वतःच्या कानांनी तुला ऐकलंय. तीन मिनिटांत एकदाही अडला नाहीस. हजेरीला मुद्दाम गप्प बसतोस आणि आता हे?

मी ती चार पानं परत त्यांच्यापुढे सरकवली.

मग ते म्हणाले, निकाल वर्गानं दिलाय, तो मी खोलीत बसून बदलणार नाही. उद्या वर्गापुढे माफीच्या बाजूनं उभा राहा. ठरलेलं वाक्य म्हण, हवं ते बोल, आपण परत मत घेऊ. मला वाटतं त्यांना हे न्यायाचं वाटलं.

मी उभा राहिलो. दुसरा तास होता, सव्वाअकरा वाजले होते. ओठ मिटले. म-म-म असं काहीतरी झालं आणि तेही थांबलं. पहिली दोन मिनिटं सर हाताची घडी घालून बघत होते. मग त्यांची घडी सुटली. कुणीही हसलं नाही. कुणी हसलं असतं तर बघायला तरी दुसरं काही झालं असतं. माझ्या हनुवटीवरून लाळ गळाली, ती पुसायला हात वर करायचं मला सुचलं नाही. सर म्हणाले, राहू दे, घाई नाही, वेळ घे. त्यांचा आवाज बदलला होता. मी वेळ घेतला. अकरा मिनिटं झाली होती, भिंतीवर घड्याळ आहे.

तेव्हा बोका उठला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, मला माफी नको. शिक्षा राहू दे. ह्याला बसू द्या."

सर म्हणाले, "अरे, पण..."

"मला नकोच आहे, सर. तंत्रशाळेचं माझं मन नाहीये आता. तुम्ही ह्याला खाली बसवा आधी."

आणि मी बसलो, मामा. कुणी बसवायच्या आत बसलो. तू लिहिलं होतंस ना, हलकं वाटलं म्हणून. मलाही हलकं वाटलं. माझ्यासाठी त्यानं स्वतःची तंत्रशाळा सोडली आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की सुटलो. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू शकत नाही.

सर नंतर एकटे त्याच्याशी बोलायला गेले होते. तो नाहीच म्हणाला. दाखले पाच तारखेला गेले, त्याच्यावर जे लिहायचं ते लिहिलेलं होतं. परीक्षेनंतर तो त्याच्या काकांच्या पंक्चरच्या दुकानात बसणार आहे. काल मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याची आई म्हणाली तो झोपलाय. आतून नळाखाली भांडी घासायचा आवाज येत होता आणि घरात तिसरं कुणी नाही.

मी तुझ्यावर रागावलोय. पण तुझ्यावर रागवायला मला सोपं जातं, म्हणून मी ते जास्त करत नाही.

एकच लिहितो आणि थांबतो. तू त्या तेलवाल्याकडे जा. तो दोन गल्ल्यांवर राहतो, म्हणजे पाच मिनिटंसुद्धा लागायची नाहीत. चिठ्ठी पाठवू नकोस, स्वतः जा. दारात उभा राहा आणि मुकादमाचं नाव म्हणायला लाग. यायचं नाहीच, मला माहितेय. तो तुझं तोंड बघेल, त्याला बघवणार नाही, आणि तो म्हणेल, राहू दे, बस.

तेव्हा बसू नकोस.